डोळा शिकवणाऱ्या महानंदा मॅडम

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये एकच भिंत होती, तीही अर्धी लाकडी. अलीकडे मी, पलीकडे महानंदा मॅडम. मी पानाचा आडवा छेद शिकवत असले की पलीकडून हसण्याचा लोट यायचा, मग एकदम शांतता आणि त्या शांततेत मॅडमचा खणखणीत आवाज, "आता गपगार बसा आणि हिकडं बघा." माझ्या वर्गातली पोरंसुद्धा गपगार बसायची आणि तिकडंच बघायची. तिकडं म्हणजे भिंतीकडं. भिंतीवर पालीशिवाय काही नसायचं, तरी माझ्या फळ्यापेक्षा त्यांना ती बरी वाटायची.

मी मूळची उमरीची. नांदेडला शिकले, लग्न होऊन लातूरला आले आणि कॉलेजात नोकरीला लागले ती मॅडमबरोबरच, एकाच आठवड्यात. त्यामुळं आमची तुलना होणारच होती आणि ती शेवटपर्यंत झाली. मॅडम चाकूरजवळच्या एका खेड्यातल्या, महानंदा स्वामी. घरी शेती, आई उदगीरकडची, त्यामुळं चिडल्या की दोन शब्द कानडीत यायचे. उंच, सावळ्या, कपाळावर भस्माची बारीक रेघ, अंगावर इरकल आणि पायात चक्क पुरुषी चपला. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायच्या, बाजारातून कोथिंबीर आणायची राहून गेल्यासारखं. वयानं माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या, पण त्या मला पहिल्या दिवसापासून 'कुंदा' म्हणायला लागल्या आणि मी त्यांना 'मॅडम'. हे कसं ठरलं, कुणी ठरवलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

डोळ्याचा धडा आला की मॅडम सकाळीच गंजगोलाईमागच्या खाटकाकडं जायच्या. ज्यांच्या घरात अंड्याचं टरफलही कधी आलं नव्हतं, त्या बाई बकऱ्याचे डोळे मागून घ्यायच्या, स्टीलच्या डब्यात भरायच्या आणि पदराखाली झाकून रिक्षानं कॉलेजात आणायच्या. एकदा तो डबा त्यांनी स्टाफरूमच्या टेबलावर ठेवला. माझा डबाही तसाच होता. मधल्या सुट्टीत मी झाकण उघडलं आणि किंचाळून उभी राहिले. सगळी स्टाफरूम हसायला लागली. मॅडम शांतपणे माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या आणि डब्यात डोकावून म्हणाल्या, "एवढं काय बघतीस? तेबी तुझ्याकडंच बघून राहिलेत."

पुढं कितीतरी दिवस मी स्टाफरूममध्ये शिरले की कुणीतरी ते वाक्य म्हणायचंच.

त्यांचा तो तास मी एकदा मागच्या बाकावर बसून पाहिला. कारण द्यायला म्हणून हातात कपाट दुरुस्तीचा कागद ठेवला होता. मॅडमनी कात्रीनं डोळा मधोमध उघडला. आतलं भिंग काढून वर्तमानपत्रावर ठेवलं, खालची अक्षरं मोठी दिसायला लागली. पोरं एकमेकांच्या अंगावर चढून बघायला लागली. मग डोळ्याच्या पाठीमागची बाजू दाखवली, आत मोरपिसासारखी निळी-हिरवी चमक होती. आणि त्या चमकेवर एक पांढुरकं, दुधाच्या सायीहून पातळ असं काहीतरी एकाच जागी चिकटून लोंबत होतं. मॅडमनी ते चिमट्यानं अलगद उचललं.

"हे दृष्टिपटल. ह्याच्या पायी सगळं दिसतं. आणि पोरांनो, हे डोळ्याचं न्हाईच. हे मेंदूचं हाय. आईच्या पोटात असताना मेंदूनं आपला हात लांब केला आणि डोळ्यापर्यंत आणला. त्या हाताचा हा तळवा. मेंदू आत अंधारात बसलाय असं लोक म्हणतात. न्हाई. तो दारात येऊन बसलाय."

मी कागदाची घडी करून मुकाट्यानं उठले. पुढच्या आठवड्यात मी कमळाचे देठ मागवले, कापून त्यातल्या हवेच्या पोकळ्या दाखवल्या, देठातून फुंकर घालून पाण्यात बुडबुडे काढून दाखवले. मला वाटलं, आज जिंकलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, स्वामी मॅडम डोळा परत कधी कापणार आहेत?"

असं सगळं चाललेलं असतानाच भूकंप झाला.

लातूर शहरात आमची घरं पडली नाहीत, भिंतींना तडे गेले एवढंच. किल्लारीकडच्या गावांचं काय झालं ते सकाळ होता होता कळायला लागलं. माझे मिस्टर पाटबंधारे खात्यात होते, त्यांना लगेच तिकडं बोलावणं आलं. मी आणि अश्विनी दोघीच उरलो. अश्विनी माझी एकुलती एक, तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. मॅडम शेजारच्या गल्लीत राहायच्या. एका हातात सतरंजी आणि दुसऱ्या हातात स्टोव्ह घेऊन त्या दारात आल्या. "ऊठ कुंदा, इथं छताखाली थांबू नको. कॉलेजच्या मैदानावर चल."

मैदानावर अख्खं शहर पालं ठोकून बसलं होतं. मॅडम रोज सकाळी कॉलेजच्या पोरांबरोबर ट्रकमध्ये बसून औशाच्या पुढं गावांकडं जायच्या आणि दिवस मावळायला परत यायच्या. केसांत, भुवयांत माती. काय पाहिलं ते कधी सांगितलं नाही. नळाखाली हात धरायच्या आणि धूतच राहायच्या. त्यांच्या वर्गातली काही पोरं त्या गावांतली होती. पुढं कॉलेज सुरू झाल्यावर मॅडमनी कितीतरी दिवस हजेरी मोठ्यानं घेतली नाही. नुसतं एकेकाच्या तोंडाकडं बघून खूण करायच्या. नाव पुकारलं आणि उत्तर आलं नाही तर काय करायचं, हा प्रश्न असावा.

अश्विनीनं मात्र भलतंच सुरू केलं होतं. उजेड कमी व्हायला लागला की ती रडायची. डोळे मिटायलाच तयार नसायची. डोळे मिटले की जमीन हलते म्हणायची. मी जवळ घेतलं, गोष्टी सांगितल्या, रागावले. काही उपयोग नाही. एका संध्याकाळी मॅडम हात धुऊन आल्या, खाली बसल्या आणि पिशवीतून छोटा आरसा काढून तिच्यासमोर धरला. शेजारी मेणबत्ती लावली.

"बघ, तुझ्या डोळ्यातली ही काळी बाहुली. मेणबत्ती जवळ आणली की बारीक होती. आता लांब नेते. बघ, बघ, मोठी झाली का न्हाई? अंधार पडला की डोळा स्वतःहून दार मोठं उघडतो. पहारा देतो तो. तू कशाला जागती?"

अश्विनीनं विचारलं, "पण मी मिटल्यावर?"

"तवा माझा उघडा असतो."

आणि पोर त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. भूकंपानंतर पहिल्यांदा शांत झोपली. माझी मांडी तिथंच होती, त्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर. सकाळी मॅडमना ट्रक गाठायचा होता म्हणून मी तिला उचलून माझ्याकडं घेतलं, तर झोपेतच तिनं हात झटकला.

पुढं लातूरला ते दिवस आले. जो उठेल तो डॉक्टर-इंजिनियर व्हायला लातूरला. बाहेरगावच्या पोरांनी गल्ल्या भरल्या, ज्याच्या घराला जास्तीची खोली त्यानं ती भाड्यानं दिली, चौकाचौकात क्लासवाल्यांचे फलक आणि फलकांवर सरांचे हसरे फोटो. एका रविवारी आमच्या दारात चकचकीत गाडी थांबली. उतरलेले गृहस्थ एका मोठ्या क्लासचे मालक होते. मी ओळखलं. आत बसवलं, चांगले कप काढले, मिस्टरांना डोळ्यानं खुणावलं की शर्ट घाला. बॉटनीला चांगला शिक्षक मिळत नाही अशी ओरड त्या वर्षी होतीच. मी मनात आकडासुद्धा ठरवला. चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "स्वामी मॅडमचं घर हेच ना?"

मी म्हटलं, "शेजारची गल्ली." त्यांनी चहा मात्र पूर्ण प्यायला.

मॅडमनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि क्लासला गेल्या. मला वाटलं होतं, आता बिघडतील. तिथं शेकड्यानं पोरं, हातात माईक, सगळं मार्कांच्या हिशेबानं. इथली जादू तिथं चालायची नाही. मालकांनी पहिल्याच महिन्यात विचारलं म्हणे, "मॅडम, ते बकऱ्याच्या डोळ्याला परीक्षेत मार्क किती?" मॅडम म्हणाल्या, "एकबी न्हाई. म्हणूनच पोरं जागी हायेत." शेवटी मालकांनीच कॅमेरा लावून तो डोळा पडद्यावर भिंतीएवढा मोठा करून दाखवायची सोय केली. म्हणजे तिथंही त्याच जिंकल्या.

त्या काही साधुसंत नव्हत्या, हेही सांगते. शिवाजी चौकाजवळ त्यांचा खोलीएवढा फोटो लागला तेव्हा त्या रिक्षावाल्याला मुद्दाम त्या बाजूनं घ्यायला सांगायच्या. एकदा मी बरोबर होते. फलक आला तशी त्यांनी रिक्षा थांबवायला लावली आणि मान बाहेर काढून बघत राहिल्या.

"कुंदा, माझा डावा डोळा बारीक आलाय गं."

"कुणाच्या लक्षात येणार नाही मॅडम," मी म्हटलं. माझ्या तो पहिल्याच दिवशी लक्षात आला होता.

अश्विनी त्याच क्लासला गेली. मग आमच्या घरात जेवताना 'मॅडम म्हणतात' सुरू झालं. मॅडम म्हणतात सकाळचं वाचलेलं टिकतं. मॅडम म्हणतात भातानं झोप येत नाही, ती कंटाळ्यानं येते. मी तिची आई आणि वर बॉटनीची प्राध्यापिका, पण पानाचा प्रश्नसुद्धा ती मॅडमना विचारून यायची. मेडिकलला नंबर लागला त्या दिवशी पेढे घेऊन घरी आली तेव्हा खोकं आधीच उघडलेलं होतं आणि एका कोपऱ्यातले पेढे नव्हते. मी विचारलं नाही. पुढं डोळ्याची शाखा घ्यायची, त्यातही दृष्टिपटलाच्याच आजारांचं शिकायचं, हेही तिनं आधी मॅडमना फोन करून सांगितलं. माझी इच्छा तिनं बाळंतपणं करावीत अशी होती. आज ती नांदेडला असते. तिच्या दवाखान्यात बाहेर एक मोठा फोटो आहे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, नारिंगी, वर रक्तवाहिन्यांच्या फांद्या. मी एकदा म्हटलं, पिंपळाच्या पानासारखा दिसतो गं. ती म्हणाली, "मॅडमपण अगदी हेच म्हणाल्या." म्हणजे तेही माझं राहिलं नाही.

मॅडमनी क्लास सोडला आणि घरी बसल्या, त्यानंतर चष्म्याचं प्रकरण सुरू झालं. एक चष्मा केला, पटला नाही. दुसरा केला. चष्मेवाल्याशी भांडून तिसरा केला. तो बिचारा म्हणायचा, बाई शेवटची ओळसुद्धा वाचतात, मी काय करू? मॅडम मला म्हणाल्या, "अक्षरं दिसतात गं कुंदा, पण ओळ सापडत न्हाई." मग दारातल्या काळ्या पायपुसण्याजवळ येऊन थांबायला लागल्या. खड्डा आहे म्हणायच्या आणि ओलांडून जायच्या. पांढऱ्या कपात चहा ओतताना कपाशेजारी ओतायच्या. नावं विसरायच्या, पण ती तर मीही विसरते. एक दिवस भर दुपारी गेले तर अंथरूण घालून बसल्या होत्या. म्हणाल्या, "दिवा लाव की, किती अंधार झाला."

बाहेर ऊन रणरणत होतं.

मी रात्रीच्या जेवणाआधी अश्विनीला फोन केला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, त्यांना उद्याच इकडं घेऊन ये."

माझे गुडघे दोन वर्षं दुखत होते. मला कधी तिनं उद्याच ये म्हटलं नव्हतं. पण मी गाडी ठरवली.

वाटेत चाकूरला मॅडमचे धाकटे भाऊ गाडीत बसले. शेती करणारे, अबोल, पांढरं धोतर. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. ते बहिणीला 'अक्का' म्हणायचे आणि तिच्यासमोर मोठ्यानं बोलायचे नाहीत. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मॅडम रस्त्याकडेच्या पाट्या मोठ्यानं वाचत होत्या. एक अक्षर चुकत नव्हतं. अप्पा माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "दिसतंय की बाई सगळं. मंग काय झालंय?"

दवाखान्यात अश्विनीनं आधी नेहमीचा तक्ता दाखवला. मॅडमनी वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला आणि आमच्याकडं विजयानं बघितलं. मग अश्विनीनं दुसरा तक्ता लावला. त्यात अक्षरं लहान होत नव्हती, नुसती फिकट होत जात होती. वरची ओळ वाचून मॅडम थांबल्या.

"पुढं वाचा ना मॅडम."

"पुढं काय न्हाई. कोरा कागद हाय."

कागद कोरा नव्हता. पुढच्या ओळी मला मागच्या खुर्चीवरून दिसत होत्या.

मग एका यंत्रासमोर त्यांना हनुवटी टेकवून बसवलं. अश्विनी त्यांच्या कानाशी बोलत होती, "आता हलू नका मॅडम, हिरव्या ठिपक्याकडं बघा, झालंच," तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. पडद्यावर चित्र आलं, थरावर थर, नव्यानं खणलेल्या विहिरीच्या कडेला दिसतात तसे. अश्विनीनं चित्र मोठं करून बघितलं. पुन्हा एकदा फोटो घेतला. डोळ्याचा दाब तपासला, तो ठीक होता. अप्पांना साखरेचं विचारलं, ती नव्हती.

मग तिनं अप्पांना पडद्याजवळ बोलावलं. "अप्पा, हा वरचा थर धाग्यांचा आहे. त्याच्याखाली ह्या पेशी. डोळ्यानं जे जे टिपलं ते ह्या गोळा करतात आणि ह्या धाग्यांवरून मेंदूकडं पाठवतात. मॅडमचे हे दोन्ही थर पातळ झालेत. काचबिंदूत असं होतं, पण दाब ठीक आहे, तो वाटत नाही. विसरण्याचा जो मोठा आजार असतो, त्यात मेंदूतल्या पेशी मरतात तशा कधी कधी ह्यासुद्धा मरतात. म्हणून अक्षर दिसतं, पण पांढऱ्यावर फिकट काही असलं की दिसत नाही. खोली कळत नाही. नुसत्या ह्या फोटोवरून आजाराचं नाव घेता येत नाही, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. पण मला..."

मॅडम मागं खुर्चीत बसल्या होत्या. आम्हाला वाटलं, त्यांचं लक्ष नाही.

"गँग्लिऑन पेशी ना?" त्या म्हणाल्या.

अश्विनी वळली. "हो मॅडम."

"म्हंजे मेंदूच. दारातला गेला, म्हंजे आतलाबी चाललाय." त्या वर्गात म्हणायच्या त्याच आवाजात म्हणाल्या. मग अप्पांकडं वळल्या. "बरोबर सांगितलं पोरीनं. काय सोडलं न्हाई. पैकीच्या पैकी."

नर्स गडबडीनं पाणी घेऊन आली. मॅडमनी अश्विनीचा हात धरला आणि नर्सला सांगितलं, "ही माझी लेक हाय."

नर्सनं हसून मान डोलावली. मी प्लास्टिकच्या खुर्चीत दोघींच्या पर्स मांडीवर घेऊन बसले होते.

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आजाराचं नाव सांगितलं ते अश्विनीला वाटलं होतं तेच. मॅडम गावाकडं जायला तयार नव्हत्या, म्हणून अप्पाच लातूरला त्यांच्या घरी येऊन राहिले आणि मी शेजारच्या गल्लीतली म्हणून रोज जायला लागले. थोड्या दिवसांनी अप्पा काळजीत पडले. अक्का जेवत नाही म्हणायचे. भाकरी खाते, भाजी खाते, भात-दह्याला शिवत नाही. जेवणच विसरली की काय? मी फोनवर अश्विनीला सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, "आई, ताट कसलं आहे?"

"पांढरं. चिनी मातीचं. का?"

"अगं, पांढऱ्या ताटात पांढरा भात, वर पांढरं दही. त्यांना काही वाढलंय हेच दिसत नसेल."

माझ्याकडं एक गर्द हिरवं ताट होतं. ते नेलं, त्यात भात वाढला. मॅडम खाली वाकल्या, ताटाकडं बघितलं आणि अप्पांना म्हणाल्या, "आज भात केलास व्हय? रोज का करत न्हाईस?" अप्पा उठून मोरीकडं गेले ते बराच वेळ आले नाहीत.

मग आम्ही पायपुसणं काढलं. पायऱ्यांच्या कडेला लाल पट्ट्या चिकटवल्या. अश्विनीनं आणखी एक सांगितलं, की दृष्टिपटलात काही पेशी अशा असतात ज्यांना चित्र दिसत नाही, त्यांना नुसता उजेड कळतो, दिवस आहे की रात्र हे त्या शरीराला सांगतात. ह्या आजारात त्याही कमी होतात, म्हणून दुपारी अंथरूण घातलं जातं. "त्यांना सकाळच्या उन्हात बसव आई. जेवढ्या उरल्यात तेवढ्यांना उजेड मिळू दे."

म्हणून आम्ही दोघी सकाळी अंगणात खुर्च्या टाकून बसायचो. मी शेंगा निवडायचे, मॅडम उन्हाकडं तोंड करून बसायच्या. मधूनच विचारायच्या, "अश्विनी कुठाय?" मी म्हणायचे, नांदेडला. पुन्हा थोड्या वेळानं तेच. एका सकाळी त्यांनी विचारलं, "नांदेडला कुणी नेली?"

"नोकरीधंदा आहे मॅडम तिचा तिकडं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. डोळे बारीक केले, मोठे केले. मग म्हणाल्या, "तू नेलीस."

"मी कशाला नेईन?"

"तूच नेलीस. मैदानावर माझ्या मांडीवर निजली होती. मी चांगली निजवली होती. सकाळी तू उचलून नेलीस. माझी लेक नेलीस तू."

माझ्या हातातली शेंग हातात राहिली. तुम्हाला सांगते, आयुष्यभर मी ह्या बाईचा वर्ग बघितला, तिचा फोटो बघितला, तिच्यामागं धावणारी पोरं बघितली. ती माझ्याकडं कशाला बघत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. आणि ती तर भूकंपाच्या मैदानापासून माझ्याकडंच बघत बसली होती. पण हे सुचलं नंतर. त्या क्षणी माझा पाराच चढला.

"माझी आहे ती!" मी उभी राहिले. "मी जन्म दिलाय तिला."

"जन्म काय, म्हैसबी देती," मॅडम म्हणाल्या आणि तोंड पुन्हा उन्हाकडं वळवलं.

आमचा आवाज ऐकून अप्पा बाहेर आले. "काय झालं बाई?"

"काही नाही," मी म्हटलं. बसले. शेंगा निवडायला लागले. दुसऱ्या दिवशी मी जाणार नव्हते, पण सकाळ झाली, ऊन अंगणात आलं असेल असं वाटलं आणि गेले.

अश्विनीला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हशीला हसली आणि हसता हसता रडायला लागली. मला वाटलं होतं, ती माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "आई, तू रोज जातेस ना?"

"जाते."

"मग झालं तर."

वर्षभरानं पायऱ्यांवरच्या लाल पट्ट्याही मॅडमना पुरेनात. अप्पांचं शेत पडून राहिलं होतं. त्यांनी अक्काला गावी न्यायचं ठरवलं. जायच्या सकाळी अश्विनी नांदेडहून आली. मॅडमना गाडीत मागच्या सीटवर बसवलं होतं, अंगावर नवी इरकल, केस मी विंचरून दिले होते. अश्विनीनं दार उघडलं आणि वाकली.

"मॅडम, मी आलेय. अश्विनी."

मॅडमनी दोन्ही हात जोडले. "नमस्कार. कोण आपण?"

अश्विनीला वाटलं, नीट दिसलं नसेल. ती उजेडात सरकली. "मी अश्विनी, मॅडम. तुमची."

"बरं बरं," मॅडम म्हणाल्या, एखाद्या पालकाला म्हणतात तशा. "बसा ना."

मी मागं उभी होते. मॅडमपुढं माझी मुलगी कुणीच नाही, असं एकदा तरी व्हावं असं मला किती वर्षं वाटत आलं होतं. ते झालं होतं. अश्विनी दाराला धरून उभी होती. एवढी मोठी डॉक्टर, पण तोंड सगळं मैदानावरच्या पोरीसारखं झालं होतं. मला ते बघवेना. मी पुढं गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत वाकून मोठ्यानं म्हटलं, "मॅडम, ही तुमची लेक."

पुढच्या सीटवरून अप्पांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"माझी?"

"तुमचीच."

मॅडमनी तोंड अगदी जवळ आणून अश्विनीला बघितलं. कपाळ, गाल, हनुवटी, एकेक करून. ओळख पटली असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या भुवया चढल्या आणि त्या चिडूनच म्हणाल्या, "मंग अशी वाळली कशी? जेवायला कोण घालतंय हिला?"

अश्विनीच्या खांद्यावरचा हात मी काढून घेतला.

मॅडम सीटवर पलीकडं सरकल्या आणि पदर सावरून जागा करून दिली. "चल बस, बस लवकर. ऊन लागतंय तुला."

अश्विनीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. ती आत बसली, दार लागलं, गाडी सुरू झाली. मागच्या काचेतून दोघींची डोकी दिसत होती, एक पांढरं, एक काळं, काहीतरी बोलत असल्यासारखी एकमेकींकडं कललेली. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी रस्त्यात उभी राहून बघत होते. दोघींपैकी एकीनंही मागं वळून बघितलं नाही.